सीनियर रेलकार्ड : लेकीकडे उन्हाळा घालवणाऱ्या ज्येष्ठांना कितपत उपयोगाचे?

परदेशी राहणाऱ्या मुलांकडे उन्हाळ्यात दोन-तीन महिने जाऊन राहणाऱ्या आईवडिलांची एक अडचण सहसा कोणी उघडपणे बोलत नाही. लेक आणि जावई नोकरीवर जातात, नातवंडे शाळेत जातात, आणि सोमवार ते शुक्रवार आपण परक्या गावातल्या घरात शनिवारची वाट पाहत बसतो. शनिवार उजाडला की आठवड्याचा शीण बाजूला ठेवून जावई गाडी काढतात, अर्धा दिवस मोटरवेवरच्या वाहतूक कोंडीत जातो, आणि त्यांचा विश्रांतीचा दिवस आपल्यापायी खर्ची पडला ही रुखरुख आपल्या मनात राहते. २०२५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या पश्चिमेकडील रेडिंगला लेकीकडे राहताना आम्ही पतिपत्नींनी ब्रिटिश रेल्वेचे सीनियर रेलकार्ड घेतले, आणि ही अडचण बऱ्याच अंशी सुटली. हे परीक्षण त्या कार्डाचे आहे. मात्र कार्डाची किंमत रेल्वेच्या वापरावरूनच ठरते, त्यामुळे तिथली तिकीट व्यवस्था आणि तिचे विक्षिप्तपण यांचाही विचार ओघाने आलाच.

वयाची ६० वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही हे कार्ड मिळते. त्यासाठी ब्रिटनचा रहिवासी असण्याची अट नाही, आणि पाहुण्यांच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. कारण इंग्लंडमधील ज्येष्ठांना बसचा जो मोफत पास मिळतो तो तिथल्या रहिवाशांपुरताच असतो, आपल्याला मिळत नाही. रेलकार्ड वर्षभरासाठी ३५ पौंडांना, म्हणजे ढोबळमानाने चार हजार रुपयांना पडते. १ मार्च २०२५ पर्यंत ते ३० पौंडांना मिळत असे. तीन वर्षांचे कार्ड ८० पौंडांना आहे. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील बहुतेक सर्व रेल्वे कंपन्यांच्या तिकिटांवर त्यामुळे एक तृतीयांश सवलत मिळते आणि ही सवलत पहिल्या वर्गालाही लागू असते. स्थानकाच्या तिकीट खिडकीवर वयाचा पुरावा म्हणून भारतीय पासपोर्ट दाखवला आणि पैसे भरले की काम होते. आपल्याकडे मार्च २०२० मध्ये बंद झालेली रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत अजून परत आलेली नाही, हे ज्यांना सलते त्यांना परक्या देशाच्या रेल्वेने कसलीही चौकशी न करता दिलेली ही सवलत पाहून थोडे ओशाळल्यासारखे होईल.

हिशेब सोपा आहे. सवलत एक तृतीयांश असल्याने मूळ भाड्याप्रमाणे १०५ पौंडांचा प्रवास झाला की कार्डाचे पैसे वसूल होतात. इंग्लंडमधील लांब पल्ल्याचे भाडे पाहता ही रक्कम एका माणसाच्या मोजक्या प्रवासांतच ओलांडली जाते. दोघांची दोन कार्डे घ्यायची तर ७० पौंड मोजावे लागतात, आणि तिथेच पहिला खरा प्रश्न उभा राहतो. त्याच ३५ पौंडांत 'टू टुगेदर' नावाचे दुसरे एक कार्ड मिळते, ज्यावर दोघांची नावे आणि छायाचित्रे असतात आणि सवलतही तेवढीच मिळते. मग दुप्पट खर्च कशाला करायचा? आमच्या जावयांनीही आम्हाला हेच सुचवले होते.

उत्तर घरातल्या परिस्थितीत आहे. 'टू टुगेदर' कार्डावर दोघांनी एकत्रच प्रवास करावा लागतो. एकजण घरी राहिला तर दुसऱ्याला सवलत नाही. लेकीकडे राहणाऱ्या आजी-आजोबांच्या बाबतीत नेमके हेच वारंवार घडते. नातीला ताप आला की शाळेतून फोन येतो, घरी कोणीतरी थांबावे लागते, आणि आधी काढून ठेवलेल्या तिकिटावर एकट्यानेच जाण्याची वेळ येते. शिवाय माझ्या पत्नीला लेस्टरला राहणाऱ्या मावसबहिणीकडे अधूनमधून जायचे असे, आणि तिथे माझी उपस्थिती कोणालाच आवश्यक वाटत नव्हती. दुसरा मुद्दा वेळेचा आहे. 'टू टुगेदर' कार्ड सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालतच नाही. सीनियर कार्डावरचे बंधन मर्यादित आहे: जो प्रवास संपूर्णपणे लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या पट्ट्यात होतो, त्याला कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या वेळी सवलत मिळत नाही. रेडिंगहून लंडन किंवा ऑक्सफर्ड हा प्रवास त्या पट्ट्यातला असल्याने सकाळची गर्दी ओसरेपर्यंत थांबावे लागते. बाथ किंवा ब्रिस्टल मात्र त्या पट्ट्याबाहेर असल्यामुळे तिथे जाताना सकाळच्या गाडीलाही सवलत लागू होते. ज्यांना कायम एकत्रच फिरायचे आहे आणि सकाळी आरामात निघायचे आहे, त्यांनी मात्र खुशाल 'टू टुगेदर' घ्यावे आणि उरलेले ३५ पौंड सत्कारणी लावावेत.

लंडनच्या आसपास राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती कोणी आपण होऊन सांगत नाही. स्थानकाच्या फाटकावर बँकेचे कार्ड टेकवून प्रवास करण्याची सोय फार सुटसुटीत आहे, पण त्या पद्धतीत रेलकार्डाची सवलत मिळत नाही. लंडनचे ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचे आणि फाटकावर टेकवायचे प्रवासकार्ड, असेल तर स्थानकावरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर सीनियर कार्ड जोडून घेता येते आणि मग गर्दीची वेळ टळल्यावर भुयारी रेल्वेतही एक तृतीयांश भाडे वाचते. पण लंडनच्या आरपार जाणारी एलिझाबेथ लाइन ही रेल्वे रेडिंगपर्यंत येत असली तरी ऑयस्टर कार्ड पश्चिमेकडे वेस्ट ड्रेटनपर्यंतच चालते. म्हणजे रेडिंगच्या प्रवाशाने लंडनला जाताना रेलकार्ड दाखवून वेगळे तिकीट काढावे आणि शहरात उतरल्यावर ऑयस्टर वापरावे, हा मार्ग स्वस्त पडतो. लेकीला इतकी वर्षे तिथे राहूनही हे ठाऊक नव्हते. नोकरदार माणसे कार्ड टेकवतात आणि पुढे जातात.

तिकिटांचे प्रकार हा या सेवेचा सर्वांत डोकेदुखीचा भाग आहे. एकाच गावाला जाणाऱ्या एकाच गाडीची तिकिटे तीन-चार वेगळ्या दरांत मिळतात. कोणत्याही वेळी चालणारे तिकीट सर्वांत महाग असते, गर्दीची वेळ सोडून चालणारे त्याहून स्वस्त असते, आणि आगाऊ काढलेले तिकीट बहुधा सर्वांत स्वस्त पडते. मात्र ते ठरावीक गाडीपुरतेच असते आणि ती गाडी चुकली तर वाया जाते. निवृत्त माणसाकडे वेळ मुबलक असल्यामुळे आगाऊ तिकीट त्याच्यासाठीच केले आहे असे वाटते, पण तिथल्या हवेचा विचार करता माझे मत थोडे निराळे आहे. तीन आठवडे आधी तिकीट काढून ठेवावे आणि त्या दिवशी सकाळपासून पावसाची रिपरिप लागावी, हे इंग्लंडमध्ये ऐन जुलैतही घडते. जवळच्या गावांसाठी गर्दीची वेळ सोडून चालणारे परतीचे तिकीट त्याच दिवशी खिडकी उघडून आकाश पाहून काढावे, आणि यॉर्कसारख्या दूरच्या ठिकाणांसाठी मात्र आगाऊ तिकीट घ्यावे, ही विभागणी आम्हाला सोयीची वाटली.

काटकसरीची आणखी एक वाट आहे आणि ती पूर्णपणे नियमांत बसणारी आहे. लंडन ते ब्रिस्टल असे एक तिकीट काढण्याऐवजी लंडन ते वाटेतले डिडकॉट आणि डिडकॉट ते ब्रिस्टल अशी दोन तिकिटे काढली तर अनेकदा बेरीज कमी भरते. गाडी बदलावी लागत नाही, जागेवरून उठावेही लागत नाही. अट एवढीच की ती गाडी डिडकॉटला थांबणारी असली पाहिजे. ब्रिटिश रेल्वेचे भाडे कोणत्या तर्काने ठरते हा प्रश्न मी तिकीट खिडकीवरच्या एका वयस्क कर्मचाऱ्याला विचारला, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि नुसते हसले. तिकिटे विकणारी काही संकेतस्थळे वर आरक्षण शुल्क लावतात. रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर तेच तिकीट त्या शुल्काविना मिळते.

कार्डाने नेले कुठे, हे आता सांगितले पाहिजे. बाथबद्दल फार लिहीत नाही. रोमन स्नानगृहे आणि मधाच्या रंगाच्या दगडांची घरे यांची वर्णने सर्वत्र आहेत, आणि उन्हाळ्यात तिथे गर्दीही तशीच असते. त्याच मार्गावर थोडे पुढे असलेले ब्रिस्टल आम्हाला अधिक आवडले. टेंपल मीड्स स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आर्नोस व्हेलची जुनी, झाडीने भरलेली दफनभूमी आहे आणि तिथे राजा राममोहन रॉय यांची समाधी आहे. २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलजवळ त्यांचे निधन झाले, आणि पुढे १८४३ मध्ये द्वारकानाथ टागोरांच्या पुढाकाराने त्यांचे अवशेष इथे हलवून ही छत्री उभारली गेली. क्रूस आणि देवदूतांच्या दाटीत आपल्याकडच्या घाटणीची ती दगडी छत्री दिसली की पाय आपोआप थबकतात. शालेय पुस्तकात सतीबंदीच्या धड्यात भेटलेला माणूस इतक्या दूर विसावला आहे, याची जाणीव मोठ्या शहरांतल्या गजबजलेल्या संग्रहालयांत झाली नसती. आम्ही गेलो तेव्हा छत्रीजवळ दुसरे कोणीही नव्हते.

निव्वळ रेल्वेप्रवास म्हणून ज्याची शिफारस करावी असा मार्ग एक्झिटरच्या पुढे आहे. रेडिंगहून प्लिमथ किंवा पेन्झन्सकडे जाणाऱ्या थेट गाडीत जाताना डाव्या बाजूची खिडकी मागून घ्यावी. एक्झिटर सोडल्यावर आधी नदीचे रुंद पात्र लागते, मग डॉलिशला रूळ थेट समुद्राच्या भिंतीवर येतात. एका बाजूला तांबड्या खडकांचे कडे, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि मधल्या अरुंद पट्ट्यातून गाडी जाते. खिडकीच्या अगदी खाली भिंतीलगतच्या वाटेवरून आइस्क्रीम खात चालणारी कुटुंबे दिसतात, त्यांची मुले गाडीला हात हलवतात, आणि क्षणात बोगदा येऊन सगळे दिसेनासे होते. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात हीच भिंत फुटून रूळ अधांतरी लटकले होते आणि एप्रिलपर्यंत मार्ग बंद होता. उन्हाळ्यातला शांत समुद्र पाहताना ते खरे वाटत नाही.

यॉर्कला आम्ही लंडनमार्गे गेलो. इथे एक सोय ध्यानात ठेवावी: रेडिंग ते यॉर्क असे लंडनमार्गे सलग छापील तिकीट काढले तर पॅडिंग्टन ते किंग्ज क्रॉस हा भुयारी रेल्वेचा प्रवास त्यातच धरलेला असतो. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात प्रवेश विनामूल्य आहे. वाफेच्या इंजिनांतील वेगाचा विक्रम १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांवर नेऊन ठेवणारे मॅलार्ड हे निळे इंजिन तिथे उभे आहे. २०२५ हे वर्ष स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वेच्या, म्हणजे २७ सप्टेंबर १८२५ रोजी धावलेल्या गाडीच्या द्विशताब्दीचे असल्याने रेल्वेविषयी तिथे एरवीपेक्षा जास्त उत्साह होता. त्या घटनेनंतर तीसच वर्षांच्या आत, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांना सांगितल्यावर त्यांनी लगेच प्रतिप्रश्न केला की तुमच्या रुळांची रुंदी आमच्यापेक्षा जास्त का. पाच फूट सहा इंच हे माप त्यांना तोंडपाठ होते. ज्यांना रेल्वेत रस नाही त्यांच्यासाठी यॉर्कला कॅथीड्रल आहे आणि शहराच्या जुन्या तटावरून विनामूल्य फेरफटका आहे, पण तटाच्या पायऱ्या उंच आहेत.

आता तक्रारी. २०२५ चा उन्हाळा ब्रिटनच्या १८८४ पासूनच्या नोंदींमध्ये सर्वांत उष्ण ठरला. आपल्याला ते तापमान ऐकून हसू येते, पण तिथले रूळ साधारण २७ अंश तापमान धरून ताणून बसवलेले असतात आणि कडक उन्हात रुळाचे तापमान हवेपेक्षा २० अंशांपर्यंत वर जाऊ शकते. मग रूळ वाकू नयेत म्हणून गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि सगळे वेळापत्रक कोलमडते. रविवारची गोष्ट वेगळी: दुरुस्तीची कामे बहुधा त्याच दिवशी काढतात, आणि गाडीच्या जागी बस दिली जाते. नैऋत्येकडून परतताना एका संध्याकाळी आमची गाडी रद्द झाली. एका छोट्या जंक्शनवर सगळ्यांना उतरवले, बस येईल असे सांगितले, पण ती स्थानकाच्या कोणत्या दाराशी येईल हे तिथल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हते. सामानासह वृद्ध माणसे एका दारातून दुसऱ्या दारात फिरत राहिली. बस आली तेव्हा चालकालाच रस्ता विचारावा लागला. त्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे वागणे सौजन्याचे होते, पण सौजन्याने माहितीची उणीव भरून निघत नाही.

एका गोष्टीचे श्रेय मात्र द्यायला हवे. उशीर झाला तर भाड्याचा परतावा मागता येतो, आणि सवलतीच्या तिकिटालाही तो मिळतो. बऱ्याच कंपन्यांत पंधरा मिनिटांच्या उशिरापासून, तर काहींत अर्ध्या तासापासून भरपाई सुरू होते. एकेरी तिकिटावर तासाभराहून अधिक उशीर झाला तर पूर्ण भाडे परत मिळते. अर्ज २८ दिवसांत करावा लागतो, त्यामुळे तिकीट फेकून देऊ नये. आमचा अर्ज लेकीने फोनवरून भरला आणि पैसे तिच्या खात्यात आले. हा अर्ज आपण होऊन केला नाही तर पैसे बहुधा मिळत नाहीत, आणि गाडीत तशी घोषणा झाली तरी ती ऐकणारे अर्धे प्रवासी पुढे काही करत नाहीत असे दिसले.

ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी 'पॅसेंजर असिस्ट' ही विनामूल्य सेवा आहे. गाडीच्या दोन तास आधीपर्यंत कळवले तरी चालते. कर्मचारी फलाटापर्यंत सोबत येतात, लागल्यास चाकाची खुर्ची आणि गाडीत चढण्यासाठी उतार लावून देतात. लंडनच्या मोठ्या स्थानकांवरील स्वच्छतागृहांचे शुल्क २०१९ मध्येच बंद झाले आहे, ही गोष्ट आमच्या वयाच्या वाचकांना कमी महत्त्वाची वाटणार नाही. मोठ्या स्थानकांवर गाडी कोणत्या फलाटावर लागणार हे मात्र सुटण्याच्या थोडाच वेळ आधी जाहीर होते आणि मग फलकाखाली थांबलेला सगळा जमाव एकदम धावतो. जागा आरक्षित असेल तर त्या धावपळीत पडण्याचे कारण नाही. लांब पल्ल्याच्या काही गाड्यांत चहा-सँडविच मिळते. आम्ही डब्यात पोळीभाजी नेत असू आणि कोणी भुवई उंचावली नाही.

ज्या घरात ५ ते १५ वर्षांची नातवंडे आहेत, तिथे लेक-जावयांनी 'फॅमिली अँड फ्रेंड्स' रेलकार्ड स्वतःच्या नावाने घ्यावे. कार्डधारक सोबत असताना त्यावर चार मोठी आणि चार लहान माणसे जाऊ शकतात, मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सवलत मिळते. पाच वर्षांखालील मुलांना तिकीटच लागत नाही. जुलैअखेर शाळांना सुट्टी लागल्यावर सगळे मिळून समुद्रकिनारी जायचे तर हे कार्ड सोयीचे. आजी-आजोबांच्या सीनियर कार्डाला तो पर्याय नव्हे, कारण आठवड्यातले पाच दिवस लेक-जावई बरोबर नसतात.

कार्ड कोणी घेऊ नये हेही स्पष्ट आहे. ज्यांचा मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा आहे आणि मुलांनी रजा काढून गाडीतून फिरवण्याचा बेत आखला आहे, त्यांचे १०५ पौंडांचे तिकीट होणार नाही. ज्यांना इंग्लंड रोज नव्या गावी जाऊन झटपट पाहायचे आहे, त्यांनी ठरावीक दिवस हवा तितका रेल्वेप्रवास करू देणाऱ्या, परदेशी पाहुण्यांसाठीच असलेल्या ब्रिटरेल पासचा हिशेब आधी करून पाहावा. आणि ज्या गावी रेल्वे जात नाही, तिथे हे कार्ड निरुपयोगी आहे. इंग्लंडमध्ये लंडनबाहेरच्या बहुतेक स्थानिक बसगाड्यांना एका फेरीसाठी ३ पौंडांची कमाल मर्यादा असल्याने तो खर्च फारसा जाणवत नाही.

माझ्या मते महिना-दोन महिने मुलांकडे राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी सीनियर रेलकार्ड ३५ पौंडांना महाग नाही, आणि दरवर्षी येणार असाल तर तीन वर्षांचेच घ्यावे. कार्ड फोनमध्येही ठेवता येते, पण तपासनीस आल्यावर फोन बंद पडलेला असेल तर कार्ड नसल्यासारखेच आहे आणि पूर्ण भाडे मागितले जाऊ शकते. त्यामुळे तिकीट खिडकीवरून छापील कार्ड घेऊन ते पासपोर्टच्या पाकिटात न ठेवता तिकिटासोबत खिशात ठेवावे.